मार्चच्या एका आठवड्यातली माणसं

आपल्या धंद्यात एखाद्या प्रोजेक्टचं आयुष्य असून असून किती असतं? सहा महिने, वर्ष, अगदी डोक्यावरून पाणी म्हणजे पाच वर्षं. तेवढ्यात क्लायंट बदलतो, मॅनेजर बदलतो, मूळ कोड लिहिणारा नोटीस पिरियड संपवून कधीच निघून गेलेला असतो आणि त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'इथे हात लावू नका' एवढंच लिहिलेलं असतं :-) त्यामुळे पंच्याहत्तर वर्षांहून जास्त काळ चाललेल्या एका प्रोजेक्टबद्दल वाचायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा कौतुक वाटलं ते नुसत्या चिकाटीचं. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं, की प्रकरण त्याहून बरंच खोल आहे. कारण या मंडळींनी मोजायला घेतलं होतं माणसाचं अख्खं आयुष्य. आणि ते मोजता मोजता ते अशा एका प्रश्नापाशी पोचले, जो आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी टोचतो. माणूस जो काही होतो, त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व किती आणि पाळण्यात असतानाच पदरात पडलेलं (किंवा न पडलेलं) किती?

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे ब्रिटनमधला १९४६ सालचा जन्मगट. जाता जाता आपण पुण्यालाही येणार आहोत, पण ते शेवटी.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. ब्रिटन जिंकलं होतं खरं, पण खिसा रिकामा. रेशन चालूच होतं. इतकंच नाही, तर अख्ख्या युद्धात जे कधी लावावं लागलं नाही ते पावाचं रेशन जुलै १९४६ मध्ये लावलं गेलं. आणि अशा दिवसांत सरकारला काळजी कसली, तर जन्मदराची! युद्धाच्या आधीच्या दशकात तो बराच घसरला होता. 'हम दो हमारे दो'च्या पाट्या बघत वाढलेल्या देशाला याची गंमत वाटेल, पण तिथे लोकसंख्या आटत जाणार अशी खरीखुरी भीती होती. १९४४ मध्ये त्यासाठी एक रॉयल कमिशन नेमलं गेलं. बायका मुलं का होऊ देत नाहीत? बाळंतपण परवडत नाही का? दवाखाना मिळत नाही का? याची उत्तरं कुणाकडेच धड नव्हती.

ती शोधायचं काम आलं जेम्स डग्लस या तरुण डॉक्टरकडे. वय जेमतेम ३१-३२. युद्धात त्यांनी बॉम्बहल्ल्यांतल्या जखमींच्या पाहणीवर काम केलं होतं, त्यामुळे माणसांची माहिती शिस्तीत कशी गोळा करायची याचा अनुभव गाठीशी होता. त्यांनी आखलेली योजना अगदी साधी होती. एक आठवडा निवडायचा आणि त्या आठवड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या आईला गाठायचं. आठवडा ठरला ३ ते ९ मार्च १९४६. त्या सात दिवसांत १६,६९५ जन्मांची नोंद झाली. त्यापैकी १३,६८७ आयांच्या मुलाखती झाल्या. हे काम केलं हेल्थ व्हिजिटर बायकांनी. आपल्याकडच्या आशाताई किंवा अंगणवाडीताई आठवा, साधारण तसंच घरोघर जायचं काम. बाळ दोन महिन्यांचं होतंय तोवर या बाई दारात हजर. प्रश्न तरी कसले? बाळंतपणाला खर्च किती आला, डॉक्टर होता की नुसती सुईण, वेदना कमी करायला काही दिलं का, त्या दिवसांत घरकाम कोणी केलं, कपड्यांवर किती पैसे गेले. कपड्यांची चौकशी तर अगदी आतल्या कपड्यांपर्यंत!

दोन वर्षांनी, १९४८ मध्ये या पाहणीचं पुस्तक निघालं. त्यात दिसलं ते असं, की बाळंतपण हे साध्या घराला चांगलंच महाग पडत होतं, घरी बाळंत होणाऱ्या बहुतेक बायकांना वेदनाशामक काहीही मिळत नव्हतं आणि गरीब घरातली बाळं श्रीमंत घरातल्या बाळांपेक्षा जास्त दगावत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि बाळंतपणाचा वैद्यकीय खर्च सरकारने उचलला. या पाहणीमुळेच ते झालं असं म्हणणं चूक होईल, त्याची तयारी आधीपासून चालू होती. पण ते का गरजेचं होतं, याचे आकडे आता छापील होते.

खरं तर प्रोजेक्ट इथे संपायला हवा होता. अहवाल दिला, गंगेत घोडं न्हालं. पण डग्लसना वाटलं, की एवढी बाळं हाताशी आहेत, तर पुढे त्यांचं काय होतं ते बघूया की. सगळ्यांच्या मागे जायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी ५,३६२ मुलं निवडली. ऑफिसात काम करणाऱ्या आणि शेतीवर राबणाऱ्या वडिलांची सगळी मुलं घेतली, आणि कारखाना-खाणीत अंगमेहनत करणाऱ्या वडिलांच्या मुलांची संख्या प्रचंड असल्यामुळे त्यांच्यापैकी दर चारातलं एक. जुळी वगळली, अविवाहित मातांची मुलंही वगळली. (ही दुसरी गोष्ट आज खटकते. ज्यांचं आयुष्य सर्वांत अवघड जाणार होतं, नेमकी तीच मुलं नोंदीतून गेली.) उरलेल्यांच्या माहितीची पंच कार्ड तयार झाली. पुढे जे काही घडलं ते या ५,३६२ मुलांच्या जोरावर.

इथे पद्धतीबद्दल दोन शब्द. माणसांची माहिती गोळा करायचा नेहमीचा मार्ग म्हणजे एका दिवसाचा स्नॅपशॉट. जनगणना घ्या, सर्व्हे घ्या, आज कोण आजारी आहे, कोण गरीब आहे ते कळतं. पण आजारामुळे गरिबी आली की गरिबीमुळे आजार, हे स्नॅपशॉट सांगू शकत नाही. त्यासाठी लॉग फाइल लागते, टाइमस्टॅम्पसकट. कुठली घटना आधी आणि कुठली नंतर, हे दिसायला हवं. माणसाला नंतर विचारून भागत नाही, कारण पन्नाशीतला माणूस आपलं बालपण आठवताना ते सोयीने एडिट करत असतो. डग्लसनी नकळत जे सुरू केलं ती ही लॉग फाइल होती. अडचण एवढीच, की ती वाचायला सुरुवात करायच्या आधी वीस, चाळीस, सत्तर वर्षं थांबायला लागतं.

पहिलं उदाहरण कोळशाचं. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुक्याची चादर पसरली आणि पाच दिवसांत हजारो माणसं गेली. तोवर धूर म्हणजे प्रगतीचं लक्षण होतं. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. डग्लसची मुलं तेव्हा दहा वर्षांची होती आणि त्यांनी आपली सगळी वर्षं कोळशाच्या धुरात काढली होती. मग डग्लस आणि त्यांचे सहकारी वॉलर यांनी एक युक्ती केली. प्रत्येक भागात किती कोळसा जळत होता त्याच्या नोंदी काढल्या आणि त्यावरून मुलांचे चार गट पाडले, सर्वांत स्वच्छ हवेपासून सर्वांत घाणेरड्या हवेपर्यंत. १९६६ मध्ये निकाल छापला गेला. नाक-घशाच्या दुखण्यांवर हवेचा फरक दिसला नाही, पण छातीत खोलवर जाणारे संसर्ग मात्र धुराबरोबर पायरीपायरीने वाढत गेले होते. आणि गंमत म्हणजे वडील साहेब आहेत की कामगार याने त्यात फरक पडत नव्हता. धुराला कुणाचा पगार कळत नाही.

आता याच लॉगची पुढची ओळ बघा. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या गटावरचा एक निबंध आला. दोन वर्षांचं होण्याआधी ज्यांना छातीचा असा संसर्ग झाला होता, त्यांचा २६ ते ७३ या वयात श्वसनाच्या आजाराने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट होता. सिगारेट, बालपणीची गरिबी वगैरे गोष्टींचा हिशोब करूनसुद्धा. १९४७ मध्ये एखाद्या आईने रात्रभर खोकणारं बाळ मांडीवर घेतलं, हेल्थ व्हिजिटरने दुसऱ्या वर्षी त्याची नोंद केली, आणि त्या नोंदीचा अर्थ लागला पंच्याहत्तर वर्षांनी. नोंद करणारी ती बाई बहुधा कधीच गेली असेल.

पण थांबा, 'जवळजवळ दुप्पट' या शब्दाला लगेच घाबरू नका. मूळ आकडे असे, की संसर्ग न झालेल्यांत साधारण शंभरात एक जण अशा आजाराने अकाली गेला आणि संसर्ग झालेल्यांत शंभरात दोन. म्हणजे त्या गटातले अठ्ठ्याण्णव जण यातून सुटले. बालपण ठसा उमटवतं हे खरं, पण ठसा म्हणजे ललाटलेख नव्हे. या दोन वाक्यांमधली जागा सांभाळणं, हीच मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत अवघड कसरत वाटते.

दुसरं उदाहरण शाळेचं, आणि इथे आपण सगळेच जरा सावरून बसणार. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर ब्रिटनमध्ये माध्यमिक शिक्षण सगळ्यांना मोफत झालं, पण कुठली शाळा मिळणार ते अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेवर ठरत होतं. तिचं नाव इलेव्हन-प्लस. पास झालात तर ग्रामर स्कूल, तिथून कॉलेज आणि ऑफिसातली नोकरी. नाही झालात तर साधी शाळा आणि पंधराव्या वर्षी कामाला. कल्पना अशी, की बापाचा पैसा नाही, मुलाची बुद्धी मोजायची. शुद्ध मेरिट.

डग्लसकडे याच्याकडे बघायची एक नामी सोय होती. त्यांनी आपल्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या आठव्या आणि अकराव्या वर्षी स्वतंत्रपणे घेतल्या होत्या. त्यामुळे सारखेच गुण असलेली दोन मुलं शेजारी ठेवून, कोण कुठल्या शाळेत गेलं ते बघता येत होतं. १९६४ मध्ये 'द होम अँड द स्कूल' हे त्यांचं पुस्तक आलं. अगदी वरच्या टोकाची अफाट हुशार मुलं कुठल्याही घरातली असोत, बहुतेक ग्रामर स्कूलला पोचत होती. फरक पडत होता तो त्यांच्या खालच्या थरात. सीमारेषेवरच्या, म्हणजे चांगल्या पण असामान्य नसलेल्या मुलांमध्ये, मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला जागा मिळण्याची शक्यता कामगाराच्या तेवढ्याच गुणांच्या मुलापेक्षा कितीतरी जास्त होती. घर किती दाटीवाटीचं, शाळा कशी, आईवडील शाळेत येऊन चौकशी करतात की नाही, हे सगळं त्या एका मार्कात मिसळलेलं होतं.

याहून बोचरी गोष्ट तुकड्यांची. आपल्याकडे जशी 'अ' तुकडी हुशारांची आणि 'ड' तुकडी उरलेल्यांची, तशीच तिथेही सात-आठ वर्षांच्या मुलांची विभागणी व्हायची. डग्लसना दिसलं, की आठव्या वर्षी सारखेच गुण असलेल्या मुलांपैकी वरच्या तुकडीत पडलेल्यांचे गुण अकराव्या वर्षापर्यंत वाढत गेले आणि खालच्या तुकडीत पडलेल्यांचे घसरत गेले. आणि वरच्या तुकडीत कोण जास्त? नीटनेटक्या घरातली, स्वच्छ कपड्यांतली मुलं. म्हणजे आधी शिक्का मारायचा आणि मग शिक्का खरा ठरला म्हणून तो बरोबर होता असं म्हणायचं! ज्यांनी अप्रेझलच्या बेल कर्व्हमध्ये 'तीन नंबर' रेटिंग मिळाल्यावर पुढच्या वर्षी चांगलं काम मिळणंच कसं बंद होतं ते पाहिलंय, त्यांना हे लूप वेगळं समजावून सांगायला नको.

१९६५ मध्ये ब्रिटिश सरकारने ही दुहेरी पद्धत मोडून सर्वांसाठी एकच शाळा आणण्याचं परिपत्रक काढलं. त्या वादात डग्लसचे आकडे भरपूर वापरले गेले. (वाद पूर्ण मिटला नाही. इंग्लंडच्या काही भागांत ग्रामर स्कूल पुढेही राहिली.) १९६८ च्या दुसऱ्या पुस्तकात डग्लसनी हीच मुलं पुढे कुठे गेली ते दाखवलं. चांगल्या डोक्याची कितीतरी कामगार घरातली मुलं शाळा लवकर सोडून गेली होती. देशाने त्यांना गमावलं, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

मला इथे आपली बारावी, सीईटी, कॅम्पसमधली ॲप्टिट्यूड टेस्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मेहनत केली हे कुणी नाकारत नाही. मीही रात्री जागून प्रॉब्लेम सेट सोडवलेत. पण त्या रात्री दिवा चालू ठेवायला वीज होती, वेगळी खोली होती, 'आधी अभ्यास, मग बाकीचं' म्हणणारं घर होतं. डग्लसची तक्तेवारी मेहनत खोटी ठरवत नाही. ती एवढंच विचारते, की तितकीच मेहनत आणि तितकंच डोकं असलेला दुसरा मुलगा कुठे गेला?

असो. मुलं मोठी झाली. १९६२ मध्ये सोळा वर्षांची झाल्यापासून त्यांना दर वाढदिवसाला अभ्यासगटाकडून एक कार्ड जायला लागलं. साधी गोष्ट, पण संशोधनाला टिकवणारी. माणसं घरं बदलत राहिली, लग्नं झाली, आडनावं बदलली, तरी हजारो जण उत्तरं देत राहिले. १९७९ मध्ये डग्लस निवृत्त झाले आणि सूत्रं आली मायकेल वॉड्सवर्थ यांच्याकडे. पुढे २००७ पासून डायना कूह. प्रत्येक वेळी प्रश्न बदलले. डग्लसच्या काळात शाळा, वॉड्सवर्थच्या काळात शरीर, कूह यांच्या काळात म्हातारपण. गंमत म्हणजे संशोधनाच्या विषयालाही त्या मुलांबरोबरच वय येत गेलं.

मध्येच एक मजेशीर शोध. १९५० मध्ये ही मुलं चार वर्षांची असताना त्यांच्या खाण्याची नोंद केलेली होती. १९९९ मध्ये ती १९९०च्या दशकातल्या चार वर्षांच्या मुलांशी ताडून पाहिली. रेशनच्या काळातली मुलं पाव आणि भाज्या जास्त खात होती, साखर आणि थंड पेयं कमी. टंचाईतलं ताट सुबत्तेतल्या ताटापेक्षा काही बाबतीत बरं निघालं!

आणि मन? साठीच्या आसपास या लोकांना त्यांच्या समाधानाबद्दल, आनंदाबद्दल विचारलं गेलं. त्याआधी ४३ व्या वर्षी त्यांनी आपले आईवडील कसे होते तेही सांगितलेलं होतं. २०१५ मध्ये छापलेल्या विश्लेषणात दिसलं, की ज्यांना मायेने, समजून घेत वाढवलं होतं ते मोठेपणी जास्त समाधानी होते. आणि ज्यांच्यावर मानसिक ताबा ठेवला गेला, म्हणजे स्वतःचे निर्णय घेऊ दिले नाहीत, खासगीपणा दिला नाही, सतत अवलंबून ठेवलं, त्यांचं समाधान कमी होतं. शिस्त असणं आणि मुठीत ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (इथे मात्र टाइमस्टॅम्पचा मुद्दा लक्षात ठेवा. आईवडिलांचं वर्णन ४३ व्या वर्षीच्या आठवणीतून आलेलं आहे, त्यामुळे थोडं मीठ लावून घ्यायचं.) पत्रिका बघण्यापासून पगाराचा पासवर्ड विचारण्यापर्यंत ज्यांची घरं प्रेमाने ढवळाढवळ करतात, त्यांनी हा परिच्छेद घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा की नाही ते आपापल्या जबाबदारीवर ठरवावं :-)

सत्तरीच्या आसपास, यातल्या सुमारे ५०० जणांच्या मेंदूची तपासणी झाली. २०१९ मध्ये आलेला निकाल असा, की आठव्या वर्षी चाचणीत मिळालेले गुण सत्तराव्या वर्षीच्या विचारशक्तीचा अंदाज देत होते. ऐकायला क्रूर वाटतं. पण त्याच अभ्यासात शिक्षण आणि मोठेपणीचं काम यांचाही वेगळा वाटा दिसला. म्हणजे आठव्या वर्षानंतरही गोष्ट लिहिली जातच होती.

आता शरीराकडे. १९८२ मध्ये ही माणसं ३६ वर्षांची झाली तेव्हा नर्स घरी जाऊन त्यांचा रक्तदाब मोजून आल्या. १९८५ मध्ये वॉड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जन्मतः वजन कमी असलेल्यांचा रक्तदाब छत्तिशीत थोडा जास्त होता. जन्माच्या वजनाचा आणि मध्यमवयातल्या बीपीचा संबंध? याच सुमारास साउदॅम्प्टनमध्ये डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर दुसऱ्या वाटेने तिथेच येऊन पोचले होते. त्यांच्या गटाला हर्टफर्डशायर या परगण्यातल्या जुन्या वह्या मिळाल्या. १९११ पासून तिथल्या परिचारिका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन शाईने लिहून ठेवत होत्या. बार्करनी त्या वह्यांतल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते शोधलं. १९८९ मध्ये निष्कर्ष आला, की सर्वांत कमी वजनाच्या बाळांमध्ये पुढे हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. तोवर हृदयविकार म्हणजे सिगारेट, लोणी आणि आळस. आता गर्भातले नऊ महिनेही आरोपींच्या यादीत आले.

या सगळ्यात एक मोठी फट होती. १९४६ चा गट जवळजवळ पूर्ण गोरा. भारतीय उपखंडातून लोक मोठ्या संख्येने ब्रिटनला गेले ते नंतर. मग आपल्यासारख्यांचं काय? आपल्याकडे तर कमी वजनाची बाळं सर्वांत जास्त आणि मधुमेहही तरुणपणीच.

आणि इथे आपण पुण्याला येतो. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करत होते. त्यांना रोज दिसायचं, की पुस्तकात मधुमेही माणूस जाड आणि वयस्क असतो, पण समोर येणारे बरेच जण तरुण आणि फारसे जाड नसलेले. १९९३ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या सोबतीने पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू झाला. इथे एक पाऊल आणखी मागे जायचं ठरलं. बाळ जन्मल्यावर नाही, तर दिवस राहण्याच्याही आधीपासून नोंद करायची. गावातल्या लग्न झालेल्या तरुण बायकांची मोजमापं आधीच घेतली गेली, दर महिन्याला चौकशी होत राहिली आणि पुढे सुमारे ८०० गरोदर बायकांचा अभ्यास झाला.

त्या बायकांचं सरासरी वजन किती होतं माहितीये? सुमारे ४२ किलो. गरोदर व्हायच्या आधीचं. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण खरा धक्का चिमट्यातल्या मोजमापाने दिला. आपली बाळं हातापायाने, पोटाने, स्नायूंनी बारीक होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. २००३ मध्ये छापलेल्या निबंधात याला नाव मिळालं 'थिन-फॅट' बाळ. दिसायला काटकुळं, आतून चरबीदार.

हे मोठेपणी कसं दिसतं, याचा सर्वांत छान पुरावा २००४ च्या 'लॅन्सेट'मधलं एक पान आहे. त्यात दोन शास्त्रज्ञांचे फोटो, एक याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन यडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे चार्टप्रमाणे दोघेही एकदम फिट. पण शरीरातली चरबी? यडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दिवसभर खुर्चीत बसून 'माझा बीएमआय नॉर्मल आहे' म्हणत दुसरा वडापाव मागवणाऱ्या आमच्या अख्ख्या टीमने ते पान क्यूबिकलला चिकटवायला हवं.

सहा गावांतल्या नोंदी पुढे बोलायला लागल्या. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. ज्या पाणी वाहणं, शेतात राबणं अशी जड कामं गरोदरपणातही करत होत्या त्यांची लहान. साधारण दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्शुलिनला नीट दाद देत नव्हतं. हे २००८ मध्ये समोर आलं.

आता आपल्यातला इंजिनिअर लगेच म्हणेल, की को-रिलेशन म्हणजे कारण नव्हे. अगदी बरोबर. नुसती लॉग वाचून कारण सिद्ध होत नाही, काहीतरी बदलून बघावं लागतं. म्हणून २०१२ मध्ये याच अभ्यासातल्या, तोवर किशोरवयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ च्या गोळ्या द्यायची चाचणी सुरू झाली. हेतू असा, की ती स्वतः आईवडील होण्याआधीच कमतरता भरून निघावी आणि फरक पडतो का ते पुढच्या पिढीत बघावं. डग्लसनी बाळांपासून सुरुवात केली, पुण्याच्या मंडळींनी त्या बाळांच्या आयांपासून, आणि आता मोजणी त्या बाळांच्या बाळांपर्यंत पोचली आहे.

त्या सहा गावांतली मुलं साधारण माझ्याच पिढीची. कदाचित त्यांतलं कुणी हिंजवडीला आमच्याच बसमध्ये बसत असेल. आम्हा दोघांचाही बायोडेटा दहावीच्या टक्क्यांपासून सुरू होतो. त्याच्या आधीच्या सोळा वर्षांचा कॉलम कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो, मग त्याआधीचे नऊ महिने तर दूरच. १९४६ च्या त्या आठवड्यातल्या माणसांनी आयुष्यभर प्रश्नावल्या भरून आपल्याला शिकवलं ते एवढंच, की तो कॉलम रिकामा नसतो. तो भरलेला असतो, फक्त कुणीतरी दुसऱ्याने. त्याने सगळं ठरत नाही. पण त्याच्याकडे न बघता माणसाची किंमत करणं म्हणजे शेवटची ओळ वाचून अख्ख्या प्रोग्रॅमचा रिव्ह्यू केल्यासारखं आहे.

एक छोटासा गृहपाठ. घरी फोन कराल तेव्हा आईला विचारा, माझं जन्माचं वजन किती होतं? बहुतेक आयांना ते पावशेरासकट पाठ असतं. आणि मग, जे आपण कधीच विचारत नाही तेही विचारा. त्या दिवसांत तू काय खात होतीस, आणि घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर तुझ्यासाठी काय उरायचं?